खांद्यावरचं तेल

स्वेटर माझा नव्हता, म्हणून मी त्याची घडी जरा जास्तच मनापासून घालत होते. स्वतःच्या कपड्यांच्या घड्या मी हनुवटीखाली धरून, उभ्या उभ्या, दुसरीकडे बघत घालते. हा मात्र पलंगावर पसरला, बटणं लावली, बाह्या पाठीमागे वळवल्या आणि सुरकुत्या मोडायला हात फिरवला, तर डाव्या खांद्यावर तळहाताला काहीतरी वेगळं लागलं. ओलं नाही, चिकटही नाही. तेवढ्याच भागातलं कापड जरा जड, जरा गार. दिव्याखाली धरून पाहिलं. फिकट राखाडी सुतावर एक लांबट गोल, बाकीच्या स्वेटरपेक्षा एक छटा गडद, माझ्या तळहातात मावेल एवढा. मी वाकून वास घेतला. आणि कुणी विचारायच्या आधीच उत्तर तयार असावं तसं मनात आलं, हे आपलं तेल. बदामाचं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे लपवून ठेवलेलं. लपवून कुणापासून, असं नवरा नेहमी विचारतो. घरात आम्ही तिघं, त्यातली एक नऊ महिन्यांची आणि तेल तिच्याच डोक्याचं. पण लपवायची सवय लागली की माणूस आधी लपवतो आणि मग कुणापासून ते शोधतो, त्यातलाच हा प्रकार.

स्वेटर पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचा. मी त्यांना तोंडावर काकू म्हणते. जिन्यात भेटणाऱ्या बाकीच्या आया एक्स्चेंजबाई म्हणतात, कारण त्यांनी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली आणि अजूनही दार उघडल्यावर त्या 'या' म्हणत नाहीत, 'बोला' म्हणतात. मग आपण भराभर बोलायचं. रात्रीची झोप किती, सकाळचं दूध किती, शी झाली की नाही. तीन मिनिटं झाली की त्यांच्या चेहऱ्यावरून लाइन कट झाल्याचं कळतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी अचानक वारा सुटला होता आणि गुंडीचं जाकीट मी घरीच विसरले होते. गुंडी हे तिच्या बापाने ठेवलेलं नाव. त्याचा अर्थ शर्टाचं बटण की दादागिरी करणारी बाई, हे तो सांगत नाही, अजून ठरायचंय म्हणतो. तर बाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं, आत गेल्या, खुंटीवरचा स्वतःचा स्वेटर आणला, गुंडीला त्याचे दोन वेढे दिले आणि बांधलेल्या पार्सलासारखी ती माझ्या हातात दिली. "सोमवारी आणा. धुवायच्या भानगडीत पडू नका," एवढं बोलून दार लावलं. बसथांब्यापर्यंत मला ते बोलणं मायेचं वाटलं होतं. डाग दिसल्यावर त्याचाच सूर बदलला. धुवू नका, म्हणजे तो मला तसाच्या तसा परत हवा आहे. तपासायला.

त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला बारा नियमांचा एक टंकलेला, प्लास्टिक चढवलेला कागद लावलेला आहे. मूल आत देताना तो आपल्या डोळ्यांसमोर येतो आणि परत घेताना पाठीमागे. मला तो पाठ आहे. नियम चार, मुलांना विनाकारण कडेवर घेतले जाणार नाही. नियम पाच, मूल रडल्यास पाच मिनिटे वाट पाहिली जाईल. नियम सात, मुलांच्या डोक्यास तेल लावून पाठवू नये, गाद्या व अभ्रे खराब होतात. नियम बारा, पहिला महिना चाचणीचा समजावा. त्या भाषेत कुणी माणूसच नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. घेतले जाणार नाही, वाट पाहिली जाईल. कोण घेणार नाही, कोण पाहील? सगळं आपोआप घडणारं, दिवे लागावेत आणि विझावेत तसं. अशा घरात मी माझी मुलगी रोज साडेआठला ठेवून जात होते आणि तो महिना सोमवारी संपत होता. सोमवारी त्या सांगणार होत्या, राहील की नाही. दुसऱ्या दोन पाळणाघरांत मी नाव घातलं होतं. तिथल्या यादीत आमच्यापुढे एवढी मुलं होती की आमची पाळी येईपर्यंत गुंडी शाळेत गेली असती. माझी बाळंतपणाची रजा संपलेली, वाढवून घेतलेली रजाही संपलेली. म्हणजे नियम सातचा पुरावा माझ्या पलंगावर पसरला होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला माझी नोकरी लटकत होती.

तेल लावायचं कारण साधं होतं. गुंडीच्या टाळूवर आणि कानांच्या वर पिवळट खपल्या धरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं तेल, मऊ झाल्या की आपसूक सुटतील. हे बाईंना सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण पहिल्या भेटीत मी मुलाखतीला बसल्यासारखी बसले होते आणि त्या विचारतील त्याला हो म्हणत होते. तेल लावता का? नाही नाही. एकदा नाही म्हटल्यावर मग रोज सहाला उठून चार थेंब जिरवायचे, कापसाने चकाकी जाईपर्यंत टिपून काढायचं, वर टोपी घालायची, असं सुरू झालं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांमधलं नितळ पाणी बघते आणि त्यात न दिसणारं काय आहे ते शोधते. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. तरी कापसाने टिपलेलं डोकं स्वच्छ आहे यावर मी महिनाभर विश्वास ठेवला.

आणि मग मी ती चूक केली, जी फक्त तान्ह्या मुलाच्या आईच्या हातूनच होऊ शकते. गेले नऊ महिने मी जगातला प्रत्येक डाग, सांडलवंड, लाळ, शेंबूड आणि त्याहून वाईट गोष्टी एकाच हत्याराने पुसते आहे. हात आपोआप उशाशी गेला, पाकिटातून ओला वाइप खेचला आणि मी तो डाग पुसला. दोनदा, गोल गोल, दाबून. मग आणखी एक वाइप. तिसऱ्याच्या वेळी पाकिटावरची अक्षरं डोळ्यांसमोर आली, बाळाच्या नाजूक त्वचेसाठी पोषक तेलांसह. डाग होता तळहाताएवढा. तो आता पंजाएवढा झाला, कडा विस्कटलेल्या.

नवरा गुंडीला खांद्यावर थोपटत दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं, सावकाश.

"तू रसायनशास्त्रात पदवी घेतलीस ना गं?"

"गप्प बस."

"नाही, चौकशी केली. भिंतीवर लावलीये म्हणून."

मी त्याला दुसऱ्यांदा गप्प बस म्हटलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि रडू येत असताना बोललं तर ते बाहेर पडतं. तो आत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "स्वेटर आहे. काचेचं भांडं नाही. उद्या शनिवार आहे, उद्या बघू." त्याचं सगळं जग उद्यावर चालतं. मला उद्याची भीती वाटते आणि त्याला उद्याची झोप लागते.

शनिवारी सकाळी आईला फोन केला. आई आयुष्यभर घरी शिवण करत आली. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे झगे. डाग म्हटला की तिचा आवाज बदलतो, डॉक्टरला आजार सांगितल्यावर बदलतो तसा.

"आधी सांग, पाणी लावलंस का?"

"नाही."

"इस्त्री?"

"नाही गं."

"मग काय लावलंस? काहीतरी लावलंयस, आवाजावरून कळतंय."

"वाइप."

पलीकडे कुणाला तरी, बहुधा बाबांना, हळूच सांगितल्याचं ऐकू आलं, "हिने तेलाला तेल लावलंय." आणि मग मला, "शिकलेली माणसं तुम्ही. आता नीट ऐक, आणि लिहून घेऊ नकोस, लिहून घेतलंस की तुझा कागद हरवतो. अंगाला लावायची पावडर भरपूर घाल. नसली तर मक्याचं पीठ. वर बोट लावायचं नाही. दुपारपर्यंत तशीच पडू दे. मग झटक, मग भांड्यांचा साबण, तो पातळ, बाटलीतला. पाणी न घालता. बोटाने जिरव आणि थांब. घासायचं नाही. डागाशी भांडत बसलीस की तो हट्टाला पेटतो. त्याला गोडीत बाहेर बोलावून घ्यायचं."

"आणि गरम पाणी?"

"कोमट. तिच्या अंघोळीचं असतं तेवढं. आणि वाळल्याशिवाय इस्त्री फिरवलीस तर मला फोन करू नकोस."

पावडरीचा डबा गुंडीचाच होता. मी खिडकीखाली जमिनीवर जुनी चादर अंथरली, स्वेटरच्या आत, खांद्याखाली, कोऱ्या कागदाची जाड घडी सरकवली आणि डागावर पावडर पालथी केली. ती पांढरी टेकडी उन्हात बसलेली बघताना मला आईची शिवणाची खोली आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. शाळेच्या कार्यक्रमासाठी शेजारणीच्या मुलीचा पांढरा झगा आई शिवत होती आणि मशीनच्या सुईपाशी तेलाचा एक थेंब जमला, फुगला आणि झग्याच्या बरोबर छातीवर पडला. आई ओरडली नाही. तिने पाय मशीनवरून उचलला, उठली, पावडरीचा डबा आणला, डाग झाकला आणि आम्हा भावंडांना म्हणाली, आता इथे कुणी धावायचं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या खोलीत पाय न वाजवता वावरलो. मला वाटायचं, डाग झोपलाय आणि जागा झाला तर परत कापडात शिरेल. झगा दुसऱ्या दिवशी गेला, कुणाला काही कळलं नाही. पण पुढे कित्येक दिवस ती मुलगी दिसली की माझी नजर पहिल्यांदा तिच्या छातीवर जायची. मला वाटतं, माझं हे असं होणं त्या खोलीत सुरू झालं. जिथे काहीच नाही तिथे बघत राहायचं.

गुंडी माझ्या शेजारी चादरीवर बसली होती. बसली होती म्हणजे आता नीट बसते, आधाराशिवाय, पुढे दोन हात टेकून, बेडकासारखी. दोन महिन्यांपूर्वी ती नुसतीच पालथी पडायची. आणि मला एकदम आपल्या भाषेची गंमत वाटली. डागही आधी पडतो. मग लक्ष दिलं नाही तर बसतो. मग उठता उठत नाही. मग निघतो, आणि शेवटी जातो. पडणं, बसणं, उठणं, निघणं, जाणं. डॉक्टरांच्या भिंतीवर वाढीचा तक्ता असतो त्यात याच क्रमाने लिहिलेलं आहे, फक्त शेवटचे दोन शब्द ते लिहीत नाहीत. गुंडीने हात लांब करून पावडरीच्या टेकडीत बोट घातलं आणि ते तोंडात घालायच्या आधी मी पकडलं. ती हसली. तिच्या तळहाताच्या रेषांमध्ये पावडर भरली होती, बारीक नकाशा काढल्यासारखी. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता आणि थांबत होता. नवरा स्वयंपाकघरात अंडी उकडायला ठेवून ती मोजत होता, म्हणजे मिनिटं मोजत होता, मोठ्याने, कारण एकदा विसरला होता. मला त्या क्षणी बरं वाटत होतं. मला बरं वाटत असल्याचं नेहमी उशिरा कळतं, आणि कळलं की लगेच मी त्याच्या कडा तपासायला लागते.

दुपारी पावडर झटकली. ती ओलसर गोळे होऊन निघाली, म्हणजे तिने काम केलं होतं. डाग अर्ध्यावर आला होता. मग खालचा कागद बदलायला स्वेटर उलटा केला, आणि हात थांबला. आतल्या कागदावर डाग उमटला होता. बाहेरच्यापेक्षा लहान, पण स्वच्छ, ठळक. वाइपचं तेल वरवर पसरलं होतं. हे वेगळं होतं, हे आरपार गेलेलं. मी कागद उन्हात धरला. दिवसभर गाळणकागदावर थेंब सोडून त्यांचं पसरणं बघणाऱ्या बाईला हे दिसायला एवढा वेळ का लागला, याचं मला आश्चर्य वाटलं. कडा एक नव्हती. एकात एक तीन कडा होत्या, जरा सरकलेल्या. एका वेळी पडलेल्या डागाला एकच कड असते. पहिला वाळतो, त्यावर दुसरा पडतो, थोडा बाजूला, मग तिसरा. आणि चार थेंब तेल, कापसाने चकाकी जाईपर्यंत टिपलेलं, टोपीखाली दाबलेलं. एवढ्याशा तेलाला जाड सुतातून पलीकडे जायला किती वेळ लागेल? नुसता स्पर्श पुरणार नाही. ऊब हवी, वजन हवं आणि बराच वेळ हवा.

आणि खांद्यावर का? कालपासून मी डाग बघत होते आणि एकदाही हे विचारलं नव्हतं. नियम गादीबद्दल होता, अभ्र्यांबद्दल होता, म्हणून मीही तेलाचा विचार करताना गादीचाच करत होते. मांडीवर घेतलं असतं तर डाग पोटापाशी पडला असता. दूध पाजताना कोपराच्या खोबणीत. मी नवऱ्याला हाक मारली. तो हातात अर्धं अंडं घेऊन आला.

"हिला घे. नेहमी घेतोस तशी."

"जेवतोय मी."

"घे रे."

त्याने तिला उचललं. ती ताबडतोब, आपली जागा ठरलेली असल्यासारखी, त्याच्या डाव्या खांद्यावर डोकं टाकून पडली, तोंड मानेकडे वळवून. मी स्वेटर त्याच्या खांद्याला लावून पाहिला. तिच्या कानाच्या वरचा भाग, जिथे खपल्या जास्त आहेत आणि तेलही मी तिथेच जास्त लावते, तो बरोबर डागावर आला. बाई त्याच्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत, पण खांदा खांदाच असतो.

"काय झालं?" तो म्हणाला. "चोर सापडला?"

"दोन सापडले," मी म्हटलं.

मग तो जेवायला गेला आणि मी साबणाची बाटली उघडून तशीच बसले. महिनाभर माझ्या डोक्यात एक खोली होती. तिच्यात एक लोखंडी कठड्याचा पलंग, भिंतीवर घड्याळ, आणि घड्याळातली पाच मिनिटं. गुंडी रडते आहे आणि बाई घड्याळाकडे बघत वाट पाहत आहेत. नाही, वाट पाहिली जात आहे. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना, जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, मी ती पाच मिनिटं रोज मोजत होते. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "रडते का हो?" बाई म्हणाल्या होत्या, "नियमात बसेल एवढं." मी ते उत्तर घरी आणून उलटंसुलटं करून पाहिलं होतं, आणि त्यातून काहीच निघालं नव्हतं. आता समोरच्या कागदावर एकात एक तीन गोल होते. तीन दुपारी, निदान तीन, माझी मुलगी त्या कडक बाईच्या खांद्यावर एवढा वेळ झोपली होती की तेल आरपार गेलं. आणि हे त्या बाईंनी मला सांगितलं नव्हतं, जसं तेलाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचा गुन्हा आणि माझा गुन्हा एकाच जागी होते, एकाच आकाराचे. त्यांनी तिला घेतलं नसतं तर माझं तेल कधीच सापडलं नसतं. मी तेल लावलं नसतं तर त्यांचं घेणं मला कधीच कळलं नसतं.

मला हसू येत होतं, पण त्याच्या खाली काहीतरी टोचतही होतं, ते मी नाकारणार नाही. कुणाच्या तरी मानेचा वास माझ्या मुलीच्या ओळखीचा झाला होता. मी काल डागाचा वास घेतला तेव्हा बदाम ओळखला आणि थांबले होते. आता परत घेतला. बदामाच्या मागे दुसरा एक वास होता, साध्या पांढऱ्या साबणाचा आणि जरासा औषधी, डोकं दुखल्यावर कपाळाला लावतात तसल्या मलमाचा. हा वास गुंडीला माझ्याआधी माहीत होता. मी काहीतरी वाईट वाटायची वाट बघत थोडा वेळ बसले. नियमाप्रमाणे पाच मिनिटं म्हणा. फारसं वाटलं नाही.

प्रश्न एवढाच होता की आता डाग काढायचा की ठेवायचा. ठेवला तर माझं तेल उघड. काढला तर मला कळलेलं त्यांना कधी कळणार नाही. त्या आणखी कडक चेहऱ्याने 'बोला' म्हणत राहतील आणि मी आणखी चोरून टिपत राहीन, दोघी एकाच मुलीची काळजी एकमेकींपासून लपवत. मी ठरवलं काहीच नाही, पण बोटं साबण जिरवायला लागली. कॉलेजात आमचे सर साबण शिकवताना म्हणायचे, तेल आणि पाणी भांडलेले शेजारी आहेत, त्यांना एकमेकांचं वाईट करायचं नसतं, फक्त तोंड बघायचं नसतं. साबणाच्या प्रत्येक कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. मधला माणूस. दोघांना जवळ आणतो आणि दोघांबरोबर स्वतःही वाहून जातो. तेव्हा वर्गात मी हे वहीत लिहून घेतलं होतं आणि वही हरवली होती. आईला हे माहीत आहे.

साबण अर्धा तास ठेवला. मग खायचा सोडा चिमूटभर, दात घासायच्या जुन्या ब्रशने, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. कोमट पाणी. पुन्हा साबण. गुंडीला पाण्याचा टब पाहून राहवेना, म्हणून तिलाही एक वाटीभर पाणी दिलं, ते तिने स्वतःच्या पोटावर ओतून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच केलं. दुसऱ्यांदा धुतल्यावर ओल्या कापडात डाग दिसेना. ओलं असताना कधीच दिसत नाही. रविवारी सकाळी सावलीत, टॉवेलवर आडवा पसरून वाळवल्यावर पाहिलं. डाग गेला होता. पण खांदा बाकीच्या स्वेटरपेक्षा उजळ झाला होता. वर्षानुवर्षांचा राखाडीपणा तेवढ्या जागेवरून उतरला होता आणि खाली मूळचा रंग निघाला होता, जवळजवळ चंदेरी. डाग नसल्याचा डाग. मग सगळाच स्वेटर धुतला. बाह्या, पाठ, बटणपट्टी. तरी खांदा पुढेच राहिला.

"आता उजवाही तेवढाच धू," नवरा म्हणाला. "मग डावा परत. आयुष्य निघून जाईल, मजेत."

सोमवारी साडेआठला मी जिना चढले तेव्हा एका हातावर गुंडी, तिच्या डोक्याला तेल, टिपलेलं, वर टोपी, आणि दुसऱ्या हातात पिशवीत घडी घातलेला स्वेटर. मनात एक वाक्य तयार होतं, दूध सांडलं म्हणून धुतला. चांगलं वाक्य होतं. मी ते बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"बोला," बाई म्हणाल्या.

"स्वेटर आणलाय."

त्यांनी तो घेतला, उघडला आणि माझ्याकडे न बघता थेट डावा खांदा वर काढून त्यावर अंगठा फिरवला. कॉलरकडे पाहिलं नाही, बटणं मोजली नाहीत. थेट खांदा.

"धुतलात."

"हो."

"नको म्हटलं होतं."

दूध सांडल्याचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच मावळलं. "तेल होतं," मी म्हटलं. "माझंच. मी रोज लावते. खपल्यांसाठी, डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुमचा सातवा नियम मला पाठ आहे, तरी लावत होते."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तेल. बदामाचं. पहिल्याच दिवशी कळलं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "सव्वीस वर्षं कान वापरला, नाक तसंच नवंकोरं राहिलंय."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"नियम गाद्यांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "ही गादीवर असते कुठे?"

हे बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. त्या स्वेटरचं वरचं बटण विनाकारण काढून परत लावू लागल्या. आतून दुसऱ्या कुठल्यातरी मुलाचं खुळखुळा आपटणं चालू होतं. गुंडी माझ्या हातावरून पुढे झुकली होती, अख्खी, दोन्ही हात त्यांच्याकडे काढून, आणि मी तिला घट्ट धरलं आहे हे मला तिच्या ओढीवरून कळलं.

"आणि नियम चार?" मी विचारलं. मला भांडायचं नव्हतं. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वाचलाय ना नीट? विनाकारण असं लिहिलंय."

मी दारावरच्या कागदाकडे पाहिलं. होतं तसं. महिनाभर रोज वाचून, त्यातल्या कर्त्याला शोधून शोधून, हा एक शब्द मी सोडून दिला होता.

"कारण असतं?"

"असतं," त्या म्हणाल्या. "पाऊण वाजला की तिला तुमची आठवण येते. पंधरा मिनिटं. कधी वीस." मग जरा रागानेच, स्वेटर नाकाशी नेऊन, "आता याला माझा नाही, तुमच्या घरचा वास. आज दुपारी ही कटकट करणार. निस्तरायचं मी."

त्यांनी गुंडीला माझ्या हातातून घेतलं. गुंडीने जाताना वळून पाहिलं नाही. सगळ्या आयांना त्याचं वाईट वाटतं म्हणतात. मला वाटलं, थोडं, कोपरावर काही आपटावं तेवढं, आणि ते ओसरूही लागलं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते, ऑफिसला उशीर होत होता आणि विचारायचं ते अजून विचारलं नव्हतं.

"काकू, आज महिना संपतो. चाचणीचा."

"संपला तर संपला." त्यांनी दार अर्धं लोटलं होतं, ते परत उघडलं. "हां, एक. उद्यापासून पिशवीत एक जुनं, मऊ फडकं टाकत जा."

"तिच्यासाठी?"

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "खांद्यावर टाकायला."